फोमचा बोळा की फिल्टरचा प्लग? बाइकवर कान वाचवण्याचे पर्याय

हेल्मेट डोक्यात घालताना, वाऱ्याच्या आवाजापासून वाचायला कानात बसवलेल्या फिल्टरवाल्या प्लगचा बारीकसा दांडा आतल्या अस्तराला घासतो आणि कानात 'चर्र' असा आवाज येतो. माझी निवड शेवटी त्या आवाजावर ठरली. पण तिथवर यायला मला तीन वर्षं लागली आणि बरेच पर्याय वापरून झाले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंजिन आणि सायलेन्सरचा आवाज आपण बाजूला ठेवू. काटा साठच्या पुढे गेला की वारा त्या सगळ्याला झाकून टाकतो, हे बाइक चालवणाऱ्याला सांगायला नको. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये हेल्मेटच्या आत, कानापाशी माइक बसवून मोजमापं झाली. ताशी ६० किलोमीटरला साधारण ९० डेसिबल आणि १६० च्या वेगाला ११० च्या आसपास, असे ते आकडे. आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारी अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था दिवसाला आठ तास ८५ डेसिबल ही मर्यादा धरते, आणि वरच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. महामार्गावर पहिला थांबा यायच्या आतच कानांचा दिवसभराचा वाटा संपलेला असतो.

मला हे आकडे उशिरा कळले. त्याआधी मला माझ्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाने सांगितलं होतं. समोरच्या खुर्चीत बसलं की त्याची टिकटिक एरवी स्वच्छ ऐकू येते. लांबच्या राइडवरून आलो की ती गायब व्हायची, कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं आणि आत एक बारीक शीळ चालू असायची. रात्री कधीतरी टिकटिक परत यायची, म्हणून मी निश्चिंत होतो. मग एकदा कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेखावर ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांपाशी, पेनाचं टोक टेकवलं. डाव्या कानाची रेघ तिथे खड्ड्यात उतरावी तशी उतरली होती. "कारखान्यात काम करता का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, बाइक चालवतो.

मोठ्या आवाजाने कानाचं नुकसान बहुधा याच पट्ट्यात सुरू होतं. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. 'स', 'फ', 'थ' यांसारखे हलके उच्चार वरच्या पट्टीत असतात, त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं पण शब्द निसटतात. त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी हौसेचा राहिला नाही.

सगळ्यात आधी मी हेल्मेट बदललं, बहुतेक जण हेच करतात. फरक पडला, नाही म्हणत नाही. शीळ मात्र राहिलीच. कारण नंतर समजलं. हेल्मेटचं कवच आणि अस्तर वरच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी अडवतं, पण वाऱ्याच्या गोंगाटाचा मोठा भाग ५०० हर्ट्झच्या खालचा असतो, आणि ती घरघर जवळजवळ तशीच आत येते. इंग्लंडमधल्या बाथ इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की हनुवटीखालून, हेल्मेटच्या खालच्या कडेशी जाणारा वारा हा या आवाजाचा मोठा उगम आहे. खरं सांगायचं तर नव्या हेल्मेटपेक्षा जास्त फरक मला हनुवटीखालचा पडदा लावून आणि गळ्याभोवती कापडी नळी नीट खोचून जाणवला. तुमचं सध्याचं हेल्मेट मापात बसत असेल तर फक्त आवाजासाठी ते बदलण्याची घाई मी करणार नाही.

विंडस्क्रीनचं गणित याहून फसवं आहे. उंच काच लावली की आवाज कमी होईल असं वाटतं. माझ्या गाडीवर उलटं झालं. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा गरगरत थेट कपाळावर यायचा, डोकं हलायचं आणि कानात धडधड व्हायची. मोकळ्या, सरळ रस्त्यावर बेताच्या वेगात क्षणभर फूटपेगवर थोडं उभं राहून बघा. डोकं वरच्या स्वच्छ वाऱ्यात गेल्यावर धडधड थांबून नुसती एकसारखी 'सूं' उरली, तर दोष काचेचा आहे. मी काच काढून बुटकी बसवली. वारा छातीवर जास्त येतो, पण कानाला बरं आहे.

बिनखर्चाचा उपाय म्हणजे वेग. वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, म्हणून शंभरावरून ऐंशीवर आलात तर ढोबळमानाने ६ डेसिबल वाचतात. नायॉशच्या हिशेबाने कानाला चौपट वेळ मिळतो. मी हल्ली ऐंशी-पंचाऐंशीला रमतो, याचं एक कारण हेही आहे.

हे सगळं करूनही कानात काहीतरी घालावंच लागतं, या मताला मी आलो आहे. कापसाचा बोळा त्यातून वगळा, तो आवाज जवळपास अडवतच नाही. खरी निवड फोम, फिल्टरवाले सिलिकॉनचे प्लग आणि कानाच्या मापाने ओतून घेतलेले प्लग यांच्यात आहे.

फिल्टरवाल्या प्लगने माझी सुरुवात झाली, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. मधल्या नळीतल्या फिल्टरमुळे बोलणं बरंच स्पष्ट येतं. थांब्यावर हेल्मेट न काढता दोन शब्द बोलता येतात, हेल्मेटमधल्या इंटरकॉमचा आवाज फार वाढवावा लागत नाही, धुऊन पुसून महिनोन्‌महिने वापरता येतात. कानात जायला दोन सेकंद पुरतात. कागदावर बाइकसाठी याहून सोयीचं काही नाही.

पण मग हेल्मेट घालायचं असतं. कानाची पाळी अस्तरात दुमडते, दांडा घासतो, चर्र होतं, आणि प्लग केसभर सरकतो. तेवढ्याने कानातली पकड सुटते. उभ्या गाडीवर हे कळत नाही, कारण तिथे वारा नसतो. रस्त्याला लागून ऐंशीवर गेलो की उजवा कान शांत आणि डाव्यात घोंघावणं सुरू. मग गाडी बाजूला घ्या, हातमोजे काढा, पट्टा सोडा, चष्मा काढा, हेल्मेट काढा, प्लग बसवा, आणि हे सगळं उलट्या क्रमाने पुन्हा करा. इतकं करून परत चर्र. एका लांबच्या प्रवासात एकाच दिवशी तीनदा हा प्रकार झाला.

मी लहान मापाची जोडी घेऊन बघितली. हेल्मेटचे पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ताणून कानांना वाट करून दिली. त्याने बरंच सुधारलं, पण भरवसा वाटेना. दोन तासांनी दांड्याचा दाब कानाच्या तोंडाशी ठणकायचा, ते वेगळंच. आता प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असते. माझ्या एका सोबत्याला हेच प्लग हेल्मेटखाली असे बसतात की घातल्याचं तो विसरतो. त्याच्यासाठी माझी तक्रार गैरलागू आहे, आणि तुमच्यासाठीही असू शकेल.

मला त्रास थांबण्याचा झाला नाही, न थांबण्याचा झाला. चौथ्यांदा प्लग सरकला की माणूस म्हणतो, जाऊ दे, पुढच्या थांब्याला बघू. तेवढी चाळीस मिनिटं एक कान उघडा असतो. इथे गणित फार निष्ठुर आहे. नायॉशचाच नियम धरला तर एखादा उत्तम प्लगसुद्धा अर्धा वेळ कानात नसला की दिवसभराच्या मात्रेत जेमतेम ३ डेसिबलचा फायदा देतो. त्यामुळे किती डेसिबल अडवतो हे मी हल्ली दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आधी बघतो की निघाल्यापासून पोचेपर्यंत तो हलतो का.

फोमला मी आधी नावं ठेवली होती. दोनदा घालून बघितला, अर्धा बाहेर लोंबायचा, आवाज काही थांबायचा नाही. चूक फोमची नव्हती, घालणाऱ्याची होती. कोरड्या, स्वच्छ बोटांत धरून तो हळूहळू वळत न्यायचा, समईच्या वातीसारखा, चुणी पडू न देता, अगदी बारीक होईपर्यंत. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, त्याने कानाची वाट सरळ होते. बोळा पटकन आत सारायचा आणि बोटाने तीसएक सेकंद धरून ठेवायचा. आत तो फुगत जातो तसा बाहेरचा आवाज दार लोटून घ्यावं तसा मागे सरतो. थंडीत फोम फुलायला जास्त वेळ लागतो, तेव्हा आधी मुठीत धरून ऊब द्यावी.

नीट बसला की त्याचा फारसा भाग बाहेर राहत नाही. हेल्मेटला घासायला काही उरतच नाही. गेल्या दीड वर्षात वाटेत थांबून फोम पुन्हा बसवावा लागला असे प्रसंग मला दोनच आठवतात, आणि दोन्ही वेळा मी घाईत घातला होता.

पाकिटावरच्या आकड्यांबद्दल एक सांगायला हवं. फोमवर किती डेसिबल अडवतो याचा, अमेरिकन पद्धतीचा ३३ पर्यंतचा आकडा दिसतो, पण तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्ष वापरासाठी नायॉशने १९९८ मध्ये फोमच्या आकड्यातून निम्मा भाग वजा करायला सांगितलं होतं, आणि इतर प्रकारच्या प्लगच्या आकड्यातून तब्बल ७० टक्के. माझ्या फिल्टरवाल्या जोडीवरचा आकडा मुळातच विसाच्या आत होता. अर्थात चांगला बसलेला फिल्टर वाईट बसलेल्या फोमपेक्षा केव्हाही बरा.

हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती मलाही होती. अनुभव वेगळा आला. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो, त्यामुळे हॉर्न वाऱ्यात बुडत नाही, आणि वाऱ्याने बधिर न झालेला कान तो जास्त नेमका पकडतो. मागून येणारी गाडी मला आता आधीपेक्षा लवकर समजते, असं माझं मत. तरी काही ठिकाणी बाइकवर कानात काही घालण्याबद्दल नियम आहेत, तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

फोमच्या उणिवा खऱ्या आहेत. बोलणं पाण्याखालून यावं तसं येतं. इंटरकॉम वापरत असाल तर आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि मग वाऱ्यापासून वाचवलेला कान स्पीकरच्या हवाली होतो. ग्रीस लागलेल्या बोटांनी तो वळायचा नाही. मळला की टाकून द्यायचा. कान फुटलेला असेल किंवा मळाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. काढताना हिसका द्यायचा नाही, पिळत सावकाश ओढायचा, नाहीतर पडद्यावर ताण येतो.

मापाने बनवलेल्या प्लगबद्दल थोडक्यात. कानात पातळ रबरासारखा लगदा भरतात, तो घट्ट झाला की तोच साचा. आरामात त्याला तोड नाही आणि दांड्याचा प्रश्नही मिटतो. माझा साचा तोंड मिटलेलं असताना घेतला गेला. त्यामुळे जबडा हलला, जांभई आली की फट पडून वारा आत यायचा. साचा घेताना तोंड उघडं ठेवायला सांगतात का, हे आधी विचारा. शिवाय वजन बदललं की कानाची वाटही थोडी बदलते, आणि एक प्लग हरवला की जोडी वाया. रोज कित्येक तास बाइकवर असणाऱ्याने मात्र हा विचार जरूर करावा.

गर्दीतून कमी वेगात फिरणं, मागे बसलेल्याशी सतत बोलणं, दिवसभर इंटरकॉमवर असणं हे तुमचं चित्र असेल तर फिल्टरवाले घ्या, मी आडवा येणार नाही. महामार्गावर सलग दोन-तीन तास काढत असाल, तर मला वाटतं फोम आधी आठवडाभर वापरून बघा. कानाची वाट अरुंद असेल तर लहान मापाचा फोम मिळतो, तोच घ्या.

घरी आधी बसवायचा सराव करा. आरशात समोरून बघितल्यावर फोमचं टोक कानाबाहेर आलेलं दिसलं, तर तो पुरेसा आत गेलेला नाही. मग ओळखीच्या एकाच रस्त्यावर, त्याच वेगात, एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरा असे घालून जा. परत आल्यावर टीव्ही, पंखा बंद करून शांत खोलीत पाच मिनिटं बसा आणि बारीक आवाज किती येतात ते ऐका. माझ्याकडे फोमच्या दिवशी घड्याळ पहिल्या मिनिटापासून ऐकू येतं. दोन जोड्या मावतील अशी एक छोटी डबी मी बाइकच्या किल्लीलाच अडकवून ठेवली आहे.