माडीचं उतरतं सीलिंग : दोरी लावून केलेलं काम

साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. माडीवर माझं शिलाईचं मशीन. वानरं कौलं फोडतात म्हणून सासऱ्यांनी पत्रा घातला आणि माडीची भट्टी झाली. एप्रिलात दुपारी ३ वाजता भिंतीवरचा पारा ४१ दाखवायचा. थंडीत पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटायचं. गिऱ्हाइकाच्या पैठणीवर थेंबाचा डाग पडला, त्या दिवशी मी रडले होते.

आधी एका कंत्राटदाराने वाशांमध्ये थर्माकोल कोंबलं होतं. कडेच्या फटी तशाच. घरातली दमट हवा फटींतून वर जायची, गार पत्र्याला लागून तिचं पाणी व्हायचं आणि तेच खाली गळायचं. पैसे वाया गेले.

या जानेवारीत जिप्समचं काम करणारे दुसरे मिस्त्री बोलावले. पहिला अख्खा दिवस त्यांनी बोर्डाला हात लावला नाही. पाख्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, प्रत्येक वासा टेपने मोजला आणि त्यावर पेन्सिलीने आकडा लिहिला : ४ सूत, १ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). "ताई, मधला वासा पावणेदोन इंच बसलाय. बोर्ड थेट ठोकला तर पोट सुटलेलं दिसेल." बाकीचे वासे तासून सारखे करा, असं मीच म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला, छपराचं वजन वाशांवरच आहे म्हणून. बसलेल्या वाशाला बाजूने नवा सागवानी जोड दिला आणि सगळ्या वाशांना बगलेतून जीआय चॅनेल (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्या) मारून, दोरीला लावून एका रेषेत आणले. मी आयुष्यभर खडूची रेघ मारून कापड कापत आले, मला ते बघताना फार बरं वाटलं.

मग ५० मिमी रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर. दाबून भरायचं नाही, कारण उष्णता अडते ती त्यात कोंडलेल्या हवेने. पत्र्याखाली इंचभर जागा मोकळी, आढ्याशी आणि पागोळीशी जाळी. रॉकवूलखाली फॉइल, सगळ्या जोडांवर टेप, शेवटी साडेबारा मिमीचा बोर्ड. बोर्डात बसणारे दिवे घेऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं. प्रत्येक भोकातून हवा वर जाते. पत्र्याच्या बोल्टांचे जुने वॉशर सुरुवातीलाच बदलून घेतले होते.

३०० चौरस फूट, दर १७० रुपये, एकूण ५१,०००. दर जास्त वाटला, पण यंदा एप्रिलात त्याच वेळी पारा ३५च्या वर गेला नाही. पावसात आता गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागत नाही.

तक्रार एकच. बोर्ड भिंतीला भिडतो तिथे जूनमध्ये केसाएवढी भेग पडली. दोन फोन केल्यावर आले, कागदी टेप लावून भरून गेले, पैसे घेतले नाहीत. रंगाचा हात मात्र अजून राहिलाय.