बुटक्या शेवंतीची रोपवाटिका, वडोदरा: रोपे उत्तम, पाटी चुकीची

वडोदऱ्याच्या पश्चिमेकडील नव्या वसाहतींलगत असलेल्या या रोपवाटिकेचे नाव दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत पोचले ते तिथल्या वीतभर उंचीच्या, फुलांनी गच्च भरलेल्या शेवंतीमुळे. पाटी बदलण्याचे मालकाने कबूल केले असल्याने दुकानाचे नाव येथे देत नाही. ज्यांच्या गॅलरीत काठीचा आधार लागणारी उंच शेवंती ठेवायला जागा नाही, त्यांना हे रोप आवडणारच, आणि रोप म्हणून त्यात खोट काढण्यासारखे काही नाही: पाने गर्द हिरवी, पेरे जवळजवळ, मुळे कुंडीच्या कडेपर्यंत पांढरी आणि ताजी, माती हलकी आणि निचऱ्याची.

आक्षेप आहे तो ‘जनुक बदललेली बुटकी जात’ या पाटीवर. विचारले तर उत्तर मिळते, ‘‘जिनेटिक छे, बेन, ऊंचुं थशे ज नहीं.’’ हे दोन्ही खरे नाही. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हाती रीतसर पडलेले जनुक-बदल पीक म्हणजे 2002 साली मान्यता मिळालेला बीटी कापूस. शोभेचे असे रोप विकायचे तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 1989 च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची परवानगी लागते, आणि ती कोणत्याही शेवंतीला मिळालेली नाही. या रोपांचा बुटकेपणा पॅक्लोब्युट्राझोलचा आहे. कोकणातले हापूसचे बागायतदार ज्याला कल्टार म्हणून ओळखतात तेच हे औषध. ते झाडात जिबरेलिन हे संप्रेरक तयार होण्याची वाट अडवते, त्यामुळे पेशी लांबत नाहीत आणि दोन पेरांमधले अंतर आखडते. मागच्या शेडमध्ये बाटली उघड्यावर होती आणि माळ्याने प्रमाणही मोकळेपणाने सांगितले, याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

औषध वापरण्यात गैर काहीच नाही, जगभर कुंडीतली रोपे अशीच आखडून धरतात. फरक पडतो तो घरी आणल्यावर. याच रोपाची छाट कलमे साध्या मातीत लावली, तेव्हा आरंभी मंद असलेली वाढ पुढे मोकळी होऊन कलमे नेहमीच्या शेवंतीइतकी उंच झाली. बुटकेपणा जनुकात असता तर तो कलमातही उतरला असता. शिवाय हे औषध मातीत बराच काळ टिकते, म्हणून या कुंडीतली माती पुढे कोथिंबिरीला किंवा मेथीला वापरू नये, एवढे तरी दुकानाने सांगायला हवे होते.

पाटीवर लिहिलेली गोष्ट प्रयोगशाळेत मात्र खरोखर घडली आहे, आणि ती पाटीपेक्षा कितीतरी रंजक आहे. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचे ‘गाय’ (इंग्रजीत gai) नावाचे जनुक शेवंतीत घालून ती बुटकी करण्यात आली. या जनुकामुळे झाडात जिबरेलिन असूनही झाड त्याला दाद देत नाही. हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हातही याच जनुकाचे भाऊबंद आहेत, हे 1999 मध्ये सिद्ध झाले. मुळांना केसाळ करणाऱ्या एका जिवाणूचे ‘रोल-सी’ जनुक वापरले तर रोप बुटके आणि झुपकेदार होते, पण पुष्कळदा फुलेही लहान होतात. फुले कोमेजवणाऱ्या इथिलीन या संप्रेरकाची जाणीव बोथट केलेल्या पेटुनियाची फुले अधिक दिवस टिकली, पण तिच्या कलमांना मुळे फुटेनात. एकच संप्रेरक झाडात अनेक कामे करते, त्यामुळे एकीकडे ओढले की दुसरीकडे फाटते, आणि म्हणूनच व्यापारी रोपवाटिकांना अजूनही बाटली सोयीची वाटते. पाने हिरवी ठेवणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाच्या बाबतीत यावर 1995 मध्ये सुंदर तोड निघाली: ते बनवणारे जनुक पान म्हातारे होऊ लागल्यावरच जागे होईल अशी कळ त्याला जोडली, त्यामुळे पान हिरवे राहिले आणि बाकीच्या रोपाचा आकार बिघडला नाही.

डिसेंबरात येथे मिळणाऱ्या पॉइन्सेटियाच्या भरगच्च फांद्यांनाही ‘जिनेटिक’ म्हणतात. तिथे तर फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव रोपात राहून फांद्या फोडत असतो, हे 1997 मध्ये दाखवून दिले गेले. म्हणजे ग्राहक चक्क एक निरुपद्रवी संसर्ग कौतुकाने विकत घेतो.

कॅलेंचो आणि शेवंती येथून जरूर घ्यावी, एका हंगामाचे रोप समजून घ्यावी. पुढच्या वर्षीही आटोपशीर झुपका हवा असेल तर कलमांचे शेंडे लहानपणीच खुडावे. त्याला कोणतेही औषध लागत नाही. दर बाजारापेक्षा थोडे चढे आहेत, कुंडी बदलून देण्याचे वेगळे पैसे घेतात, आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.