एम-११३ ‘एसीएव्ही’, १/३५: साचा जुना, पण काम चोख

डाय-मोल्डच्या खात्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काढली, त्यामुळे मॉडेल किटचा डबा उघडला की माझा हात आधी स्प्रूकडे, म्हणजे सुटे भाग लागलेल्या प्लास्टिकच्या चौकटीकडे जातो. एम-११३ म्हणजे सैनिक नेणारी अमेरिकन चिलखती गाडी; तिच्या पस्तीसपट लहान प्रतिकृतीच्या या जपानी किटचा साचा जुना आहे, तरी पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) अगदी बारीक आणि फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक) जवळजवळ नाहीच. हलचे (गाडीच्या धडाचे) भाग न घासता बसले. आतल्या तळावर इजेक्टर पिनचे (साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे) ठसे आहेत. मागचा रॅम्प (खाली उघडणारा दरवाजा) उघडा ठेवायचा तर पुटी लावत बसा. मी सरळ बंद करून टाकला.

खरी गंमत ढालींची. २ जानेवारी १९६३ ला मेकाँगच्या खोऱ्यात आप बाकच्या लढाईत दक्षिण व्हिएतनामच्या एम-११३ पुढे सरकल्या, तेव्हा वरच्या पॉइंट फाइव्ह-झीरो मशीनगनमागचा माणूस कमरेपासून उघडा होता. ते गनर टिपले गेले. मग तिथेच मिळेल त्या पत्र्याच्या ढाली ठोकल्या गेल्या, आणि त्यातूनच पुढे अमेरिकनांचा एसीएव्ही संच आला: कमांडरभोवती ढाली आणि दोन्ही बाजूंना ढालीसकट एम-६० मशीनगन. किटमध्ये त्या जाड वाटतात. पाऊण मिलिमीटर प्लास्टिक म्हणजे प्रत्यक्षात २६ मिलिमीटर! यात साचेवाल्याला दोष नाही, याहून पातळ पोकळी भरणं कठीणच. कडा आतून तिरकस तासा. बघणाऱ्याला कडाच दिसते.

रंगकामाबद्दल मात्र मला भांडायचंय. प्रदर्शनात एम-११३ च्या हलवर गंजाचे ओघळ दिसले की डोकं फिरतं. अहो, ते चिलखत ॲल्युमिनियमचं आहे! आधीची एम-७५ पोलादी होती, सुमारे १९ टनांची, आणि पाण्यात उतरत नव्हती. १९६० मध्ये आलेली एम-११३ ॲल्युमिनियममुळे साडेदहा टनांच्या आसपास आली, म्हणून ती तरंगते आणि विमानातून नेता येते. पोटात ११ सैनिक, शिवाय दोघांचं चालक दल. ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी हिरवा रंग) खरवडलं तर खाली राखाडी चकाकी दाखवा. गंज ट्रॅकवर, टो-केबलवर करा, हवा तेवढा.

ट्रॅक व्हिनाइलचे, एकसंध. या गाडीला रिटर्न रोलर (वरचा ट्रॅक उचलून धरणारी छोटी चाकं) नाहीत, वरचा ट्रॅक पाचही चाकांवर टेकायला हवा. व्हिनाइल ताठ राहतं. मी बाजूचे रबरी पडदे लावले नाहीत, त्यामुळे हे लपवायलाही जागा नव्हती. सुपरग्लूने चाकांवर दाबून बसवलं. खर्चाची तयारी असेल तर सुट्या कड्यांचे ट्रॅक घ्या.

व्हिएतनामची गाडी करायची असेल तर डबा बेलाशक घ्या. १९८७ ची ए-३ ही सुधारित आवृत्ती मनात असेल तर नको: तिच्या रॅम्पच्या दोन्ही बाजूंना इंधनाच्या चिलखती टाक्या आहेत, आणि त्या यात नाहीत.