इंग्रजी बोलणं आणि पॅसेज समजणं : आठ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

मी हरिपूरची. सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून. गेल्या जुलैत इंग्रजी बोलायचं आणि वाचलेलं नीट समजून घ्यायचं असं ठरवलं, आणि आता फेब्रुवारी संपत आलाय. या आठ महिन्यांत तीन गोष्टी वापरल्या : एक पैसे भरून घेतलेलं ॲप, बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम, आणि कॉलेजच्या लायब्ररीतली ऑक्सफर्ड बुकवर्म्सची पुस्तकं, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीत लिहिलेल्या गोष्टी. शिवाय रविवारी सकाळी मैत्रिणीबरोबर वीस मिनिटं फक्त इंग्रजीत बोलणं. सराव आठवड्यातून पाच-सहा दिवस, दिवसाला साधारण पाऊण तास. दिवाळीत आणि सेमिस्टरच्या परीक्षेत खंड पडला. आमच्यासारख्या मुलामुलींना कशाचा किती उपयोग होतो हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पॅसेजबद्दल, कारण माझी खरी अडचण तिथेच होती आणि ती मला माहीतच नव्हती. दहावी-बारावीत पॅसेजला मला चांगले मार्क पडायचे. पद्धत सगळ्यांना ठाऊक असलेलीच : प्रश्नातला मोठा शब्द पॅसेजमध्ये शोधायचा, तो ज्या ओळीत असेल ती ओळ उतरवायची, सुरुवातीचा ‘व्हाय’ काढून ‘बिकॉज’ लावायचा. मार्क मिळायचे, त्यामुळे समजतंय असंच वाटायचं. कॉलेजात एका सरावपत्रिकेत एका शेतकऱ्यावरचा उतारा होता. त्यात वाक्य होतं, ‘ही हार्डली स्लेप्ट दॅट नाइट.’ मी अर्थ लावला, त्या रात्री तो गाढ झोपला. हार्ड म्हणजे जोरात, कष्टाने, म्हणून हार्डली म्हणजे भरपूर. पुढच्या ओळीत सकाळी त्याचे डोळे लाल झाले होते, तर मला वाटलं झोपून झोपून झाले असतील. ‘तो काळजीत होता असं का म्हणता येईल?’ या प्रश्नाशी मी दहा मिनिटं थांबले आणि शेवटी भलतीच ओळ उतरवली. ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’, ‘जवळजवळ नाहीच’, हे कळल्यावर अख्खा उतारा डोळ्यांसमोर उलटा झाला. तो रात्रभर जागा होता! एका शब्दाने माणूस झोपवला होता मी.

त्या दिवसापासून मी अशा छोट्या शब्दांची एक वही केली. ‘अनलेस’, ‘ऑल्दो’, ‘हाउएव्हर’, ‘रादर दॅन’, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक. ‘फ्यू’ म्हणजे फारसं कुणी नाही, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ असलं काही नसल्यामुळे आपली नजर त्यांच्यावरून घसरते, आणि नेमका अर्थ तिथेच अडकलेला असतो. पाठ केलेल्या मोठमोठ्या शब्दांपेक्षा या वहीतल्या पन्नास-साठ शब्दांनी मला जास्त पुढे नेलं, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता पुस्तकं. बुकवर्म्समध्ये पायऱ्या आहेत. स्टार्टरमध्ये २५० मूळ शब्द, पहिल्या पायरीला ४००, दुसरीला ७००, तिसरीला १०००, चौथीला १४००, पाचवीला १८००, सहावीला २५००. मी मोठ्या ऐटीत चौथीपासून सुरुवात केली आणि आठ पानांत दमले. दर ओळीला डिक्शनरी. मग इंग्रजीच्या मॅडमनी एक हिशोब सांगितला : भाषा कशी शिकली जाते याचा अभ्यास करणारे पॉल नेशन आणि मार्सेला हू यांच्या २००० सालच्या अभ्यासाप्रमाणे मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील, तरच बहुतेकांना तो मदतीशिवाय नीट समजतो. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. पानावर दोनशे शब्द धरले तर चार. मी चौथ्या पायरीचं पान मोजलं, सतरा निघाले. दुसऱ्या पायरीचं मोजलं, तीन. दुसरीचं घ्यायला सुरुवातीला कसंसंच वाटलं, कारण पुस्तक पातळ आणि आत चित्रं. पण ते मी दोन दिवसांत संपवलं. आयुष्यात पहिल्यांदा एक इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, डिक्शनरी न उघडता. त्या रात्री मला झोप आली नाही (हार्डली स्लेप्ट!), इतका आनंद झाला होता. तेव्हापासून आजवर अशी एकवीस पुस्तकं झाली.

सिक्स मिनिट इंग्लिश फुकट आहे. बीबीसी इंग्रजी शिकवण्याचं काम १९४३ पासून करतंय, आणि तो अनुभव या सहा मिनिटांत दिसतो. दोघं निवेदक गप्पा मारतात, सुरुवातीला तीन पर्यायांचा एक प्रश्न टाकतात, उत्तर शेवटी देतात, आणि मधे सहा शब्द समजावून सांगतात. वेबसाइटवर सगळं संभाषण लिहिलेलं मिळतं. मी आधी न वाचता ऐकायची, मग लिहिलेलं समोर ठेवून, मग पुन्हा न वाचता. पहिल्या महिन्यात पहिल्या फेरीला निम्मं डोक्यावरून जायचं. आता एखाद-दुसरं वाक्य निसटतं. तक्रार म्हणाल तर एवढीच की सगळं ब्रिटिश उच्चारात आहे, आणि आपल्याकडे मुलाखत घेणारे साहेब तसं बोलत नाहीत. पण ऐकायचा कान तयार झाला हे नक्की.

ॲपचं नाव लिहीत नाही. वर्षाचे १,४९९ रुपये भरले. त्यातली एक गोष्ट फार चांगली होती : उच्चार. आपल्या ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे आवाज बसतात. एकाला खालचा ओठ वरच्या दातांना टेकवायचा, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा आणि दातांना शिवायचंच नाही. पहिला ‘व्हेस्ट’, म्हणजे बनियन; दुसरा ‘वेस्ट’, म्हणजे पश्चिम. मी महिनाभर आरशासमोर उभी राहून ‘व्हेरी वेल’ म्हणत होते. दुसरं, शब्दातला जोर कुठे द्यायचा ते. ‘फोटोग्राफ’ला पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’ला दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’ला तिसऱ्यावर, आणि बाकीची अक्षरं गिळल्यासारखी हलकी. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे हे कुणी दाखवून दिल्याशिवाय लक्षात येत नाही. माणसासमोर एकच शब्द पन्नास वेळा म्हणायला संकोच वाटतो, मोबाइलसमोर वाटत नाही.

पण संभाषणाच्या बाबतीत त्या ॲपने माझी निराशा केली, आणि पैसे भरून घेतल्यामुळे ते स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं. प्रसंग कुठले, तर विमानतळावर सामान हरवलंय, हॉटेलात खोली हवीय, रेस्टॉरंटमध्ये पास्ता मागवायचाय. स्क्रीनवर वाक्य येणार, ते वाचायचं, आणि हिरवी खूण. हे वाचन झालं, बोलणं कुठे झालं? एकदा मी मुद्दाम क्रियापद चुकीचं म्हटलं तरी शाबासकी मिळाली. चौथ्या महिन्यात माझा तिथला स्कोअर नव्वदच्या वर होता आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या सेमिनारला ‘टेल अस अबाउट युवर प्लेस’ असं विचारल्यावर माझ्या तोंडून तीन वाक्यं निघाली. हरिपूरची मी, संगमेश्वराचं देऊळ, कृष्णा-वारणेचा संगम, पार नदीपर्यंत सगळं डोळ्यांसमोर होतं आणि शब्द एकही येईना. पुढे वर्ष संपायच्या आधीच वाढीव मुदतीचे पैसे आपोआप कापण्याची नोटीस आली. ती सोय बंद करायला कस्टमर केअरला चार मेल करावे लागले. घेणार असाल तर ऑटो-पे पहिल्याच दिवशी बंद करा.

त्या सेमिनारनंतर सरावाची दिशा बदलली. मैत्रीण तासगावकडची, एसटीने येते. आम्ही ठरवलं की रविवारी संगमाच्या घाटावर बसायचं आणि आठवड्यात वाचलेलं एकमेकींना सांगायचं. मराठी शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून. मॅडमनी यासाठी ४-३-२ नावाची पद्धत सांगितली, पॉल नेशन यांनीच ती पुढे आणलेली आहे. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्या श्रोत्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन. मजकूर तोच, वेळ कमी, त्यामुळे जीभ सैल होते आणि शब्द शोधत थांबणं कमी होतं. आमची अडचण अशी की आम्ही दोघीच. म्हणून माझी पहिली फेरी मैत्रिणीपुढे, दुसरी मोबाइलच्या रेकॉर्डरपुढे, आणि तिसरी घरी आल्यावर आईपुढे.

आईला इंग्रजी अजिबात येत नाही. ती भाकऱ्या थापत ऐकायची आणि मला वाटायचं, हिला काय कळणार. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, “मागच्या खेपेला सात-आठदा अडखळलीस, आज दोनदाच.” मी रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर खरंच तसं होतं. थांबे मोजायला भाषा यावी लागत नाही. तेव्हापासून आठवड्याचा माझा निकाल आईच देते.

सगळ्यात जास्त बोलले ते पेवांबद्दल. आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, हळदीच्या पेवांवर काम केलेले. हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीत खणलेले खोल खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हळद ठेवून तोंड बुजवलं की ती वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच खराब झाली. ‘नुसतं पेव फुटलंय’ असं आपण रोज म्हणतो, पण पेव म्हणजे काय हे मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. मी आप्पांना बसवून तासभर विचारलं आणि वहीत सहा वाक्यं इंग्रजीत लिहून काढली. रविवारी वही न उघडता सांगायला घेतलं. ‘पेव’ला इंग्रजी शब्द नाही, म्हणून ‘अ डीप पिट विथ अ नॅरो माउथ’ म्हणून वळसा घातला. आप्पा सांगायचे की पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीने खाली सोडायचा, विझला तर हवा वाईट आहे, कुणी उतरायचं नाही. हे सांगताना मैत्रिणीने मधेच विचारलं, “अँड इफ द लँटर्न गोज आउट?” आणि मी उत्तर देऊन मोकळी झाले. वाक्य आधी मनात मराठीत जुळवलंच नव्हतं.

ते का जमलं याचा मी पुष्कळ विचार केलाय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सगळं वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत माझं तोंड उघडत नसे. इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद टाकावं लागतं, बाकीचं मागून येतं. वाचलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना ही ठेवण अंगवळणी पडते, कारण काय सांगायचं ते आधीच ठाऊक असतं, लक्ष फक्त कसं सांगायचं यावर राहतं. आणि उलट्या बाजूने, पुस्तक मिटून परिच्छेदाचा सारांश एका वाक्यात मोठ्याने सांगता आला नाही, तर मी तो समजून न घेता नुसते डोळे फिरवले, हे लगेच उघडं पडतं. म्हणून पॅसेज सोडवतानाही आता प्रश्न नंतर वाचते. आधी प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एक वाक्य. परीक्षेत यात पाच मिनिटं जास्त जातात, पण डिसेंबरच्या पेपरला सूचक अर्थाचे प्रश्न मला पहिल्यांदाच पॅसेजमधली ओळ न उतरवता लिहिता आले.

एक उणीव मात्र राहिली. या पद्धतीत चुका तशाच पक्क्या होतात. ‘ही टोल्ड मी’ऐवजी आम्ही दोघी ‘ही टोल्ड टू मी’ म्हणत होतो आणि दोघींनाही ते बरोबर वाटत होतं. भूतकाळ सांगताना दर तिसऱ्या वाक्याला वर्तमानकाळ यायचा. म्हणून महिन्यातून एकदा रेकॉर्डिंग मॅडमना ऐकवतो, त्या तीनच चुका सांगतात, जास्त नाही. ज्यांच्याकडे असं कुणी नाही त्यांनी रेकॉर्डिंग ऐकून ते स्वतः लिहून काढावं. लिहिलेलं डोळ्यांना दिसलं की निम्म्या चुका आपल्या आपणच सापडतात. कंटाळवाणं आहे, पण मी चार वेळा केलं आणि ‘टोल्ड टू मी’ तिथेच सुटलं.

ज्यांची महिन्याभरावर मुलाखत आहे त्यांना हे सगळं पुरं पडणार नाही, त्यांनी नेमके प्रश्न घेऊन कुणाबरोबर तरी बसावं. ज्यांच्या हातात सहा महिने आहेत त्यांनी पुस्तकांपासून सुरुवात करावी, आणि ॲप घ्यायचंच असेल तर फक्त उच्चारासाठी, तेही महिन्याच्या मुदतीचं.

काल लायब्ररीत मी बुकवर्म्सची पाचवी पायरी हातात घेतली. मधलं एक पान उघडून पेन्सिलीने मोजलं, सहा शब्द अडले. परत कपाटात ठेवलं आणि चौथीतलंच आणखी एक घरी आणलं.