अर्धेच ‘सेलबोर्न’

गिल्बर्ट व्हाइट यांच्या ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबोर्न’ या पुस्तकाची पुनर्मुद्रित प्रत मी ऑनलाइन मागवली आणि ती चौथ्या दिवशी कोथरूडला घरपोच आली. खोके मजबूत होते, कागदही बरा आहे. तक्रार आहे ती मुखपृष्ठावरील ‘अँटिक्विटीज’ (म्हणजे गावचा पुरातन इतिहास) या शब्दाबद्दल, कारण तो भाग आत नाहीच.

इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यात १७२० साली जन्मलेल्या आणि १७९३ साली तिथेच निवर्तलेल्या या पाद्र्याने दोन परिचितांना उद्देशून लिहिलेली निसर्गविषयक ११० पत्रे मात्र प्रतीत सर्वच्या सर्व आहेत. दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन पर्णवटवट्ये, म्हणजे झाडापानांत वावरणारे चिमुकले पक्षी, त्याने त्यांच्या आवाजावरून वेगळे ओळखले. हिवाळ्यात वेताळ टेकडीवर असाच एखादा वटवट्या दुर्बिणीत धरून मान अवघडवून घेतलेल्या माणसालाच या कामाची किंमत कळेल. मधमाश्यांना ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी त्यांच्या पोळ्यांजवळ कर्ण्यातून ओरडणारा हा धर्मगुरू मला तर फारच जवळचा वाटला.

अडचण छपाईचीही आहे. पहिली आवृत्ती १७८९ सालची. त्या काळी इंग्रजी ‘एस’चा एक लांबट खिळा ‘एफ’सारखा दिसे. यंत्राने वाचलेला मजकूर कोणीही न तपासता छापल्यामुळे या प्रतीत पक्षी ‘सिंग’ करण्याऐवजी ‘फिंग’ करतात. पहिल्या पानावर हसू येते, चाळिसाव्या पानावर येत नाही.

तरीही खरे नुकसान ‘अँटिक्विटीज’ या गाळलेल्या भागातल्या २६ पत्रांचे आहे. त्यांत १२३३ साली स्थापन झालेल्या सेलबोर्नच्या मठाचा इतिहास आहे, शिकारीच्या नादी लागलेल्या मठवासीयांना १३८७ साली बिशपने दिलेली तंबी आहे, आणि पुढे मठ मोडून त्याचे उत्पन्न ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे कसे गेले, याचा कागदोपत्री माग आहे. गावचा मुख्य पाद्री नेमण्याचा अधिकार याच कॉलेजकडे होता आणि व्हाइट पडले ओरिएल कॉलेजचे. म्हणून आजोबा ज्या चर्चचे मुख्य पाद्री होते, तिथे नातवाला साहाय्यक म्हणूनच काम करावे लागले. हा भाग वगळला की वाचकासमोर उरतो तो पक्ष्यांमागे हिंडणारा एक निवांत गृहस्थ.

विक्रेत्याला कळवले, तेव्हा ‘मुखपृष्ठ प्रातिनिधिक आहे’ असे उत्तर आले. अखेर आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात संपूर्ण आवृत्ती ३०० रुपयांना मिळाली. तिची शिवण उसवली आहे आणि कोपरे कसरीने खाल्ले आहेत, पण मठाची पाने शाबूत आहेत; सध्या ती बाइंडरकडे आहे. नव्या प्रतीला पाचांपैकी दोन तारे, तेही कागदासाठी.