चक ७० हाय टॉप: नंबर जपून घ्या

दुकानात कॉन्व्हर्स कंपनीचे दोन हाय टॉप, म्हणजे घोटा झाकणारे बूट, साधा ऑल स्टार आणि चक ७०, शेजारी असतील तर एकेक हातात धरून बघा. चक ७० जड लागतो. २०१३ साली आलेलं हे मॉडेल सत्तरच्या दशकातल्या बुटावर बेतलंय: कॅनव्हास १२ औंसाचा, सोलभोवतीची रबरी पट्टी उंच आणि चकचकीत, टाचेवर काळा बिल्ला. पट्टीचा रंग मुळातच पिवळट, त्यामुळे पांढऱ्या सोलसारखा तो जुना झाल्याचं दु:ख नाही. जन्मतःच जुना!

घोळ होतो नंबरात. हा बूट लांबीला मोठा येतो. एरवी ८ घालत असाल तर आधी साडेसात घालून बघा, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि रोजचेच मोजे घालून. लांबी जमली की करंगळीकडे लक्ष द्या, कारण चवड्याला साचा अरुंद आहे. चवडा रुंद असेल तर नेहमीचाच नंबर ठेवा. त्याहून मोठा घेतलात तर रुंदी जेमतेम वाढते आणि चालताना टाच मात्र बुटातून निसटते.

पहिले काही दिवस कडक कापड घोट्यामागे घासतं. वरचं एक भोक सोडून लेस बांधा, मोजे घोट्याच्या वर येणारे घाला. आतली गादी साध्या ऑल स्टारपेक्षा नक्कीच बरी, पण तळव्याच्या कमानीला आधार नाही. पळायला हा बूट नकोच. जिममध्ये डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायच्या व्यायामाला, मात्र झकास, टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहतात.

जीव जातो तो चवडा वाकतो तिथे. प्रत्येक पावलाला तिथलं रबर आणि कापड वेगवेगळं ताणलं जातं, आणि पट्टी आधी तिथेच सुटते. फट नखाएवढी असतानाच पॉलिश पेपरने आतून घासा, दोन्ही बाजूंना रबर चिकटवायचं सोल्यूशन लावा, ते चिकटसर सुकू द्या आणि मगच दाबा. ओलं असताना दाबलं तर धरत नाही.

पावसाळ्यात तो कपाटातच बरा. आतल्या बाजूची हवेची दोन भोकं पाणीही तितक्याच आनंदाने आत घेतात. भिजलाच तर मशीनमध्ये टाकू नका. आत कोरे कागद कोंबून पंख्याखाली वाळवा. वर्तमानपत्र नको, शाई कापडाला लागते.