घाटात जनरेटर ओढणारी पिकअप : उष्णतेवर केलेले बदल आणि अकरा महिन्यांचा अनुभव

कराडला माझा मांडव, लायटिंग आणि जनरेटर भाड्याने देण्याचा धंदा आहे. निम्मी कामं चिपळूण-गुहागर भागातली, म्हणजे कुंभार्ली घाट पाचवीला पुजलेला. गाडी अडीच लिटरची टर्बो डिझेल पिकअप. मागे साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर बसवलेली ट्रॉली, काट्यावर १,९४० किलो भरते. हौद्यात केबलचे ड्रम आणि लाइटचे स्टँड. माणसं धरून सगळं सव्वाचार टनांच्या पुढे जातं.

गेल्या वर्षी मे महिन्यात गुहागरहून लग्नाचं काम उरकून दुपारी दोनच्या सुमाराला घाट चढत होतो. कंपनीच्या मीटरचा काटा मध्यावर होता, एकदम शांत. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर तो उठला आणि मिनिटभरात लालमध्ये गेला. बाजूला घेईपर्यंत बॉनेटखालून वाफ. माझा पोरगा फडकं घेऊन झाकण उघडायला धावला, त्याला ओरडून मागे खेचला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की पाणी उसळून थेट तोंडावर येतं. तासभर थांबून गाडी कशीबशी वर आणली. दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी काढली तर त्यावर दुधाचा चहा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं होतं. हेड फेसिंग, गॅसकेट, मजुरी मिळून ३८,००० रुपये आणि ऐन सीझनचे नऊ दिवस गेले. त्यानंतर ठरवलं, यापुढे अंदाजावर काही करायचं नाही.

पहिला खर्च मीटरचा केला, आणि तोच सगळ्यात मोलाचा ठरला. कंपनीचा तापमानाचा काटा खरं सांगत नाही. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच ठेवलेला असतो. नवीन मीटरमध्ये पाहिलं तेव्हा ८० अंशांपासून जवळजवळ १०५ पर्यंत कंपनीचा काटा जागचा हललाच नाही. तो हलतो तेव्हा तुमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

दोन मीटर बसवले. एक रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये, पाण्याच्या तापमानाचा. दुसरा एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाचा धूर गोळा करणारा लोखंडी पाइप), टर्बोच्या (त्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) आधी, धुराच्या तापमानाचा. हा दुसरा बसवताना मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवूनच भोक पाडा. जागेवर ड्रिल मारलं तर लोखंडाचा कीस टर्बोत जातो आणि पाती खाऊन टाकतो. आमच्या मिस्त्रींनी अर्धा दिवस जास्त घेतला, पण उतरवूनच काम केलं.

पावसाआधी दोन खेपा मिळाल्या. काही न बदलता फक्त आकडे वहीत लिहिले. चिपळूण सोडताना पाणी ८६, पोफळी मागे पडेपर्यंत ९४, घाटाच्या मधल्या चढावर १११. धूर ७१५. डिझेल इंजिनात टर्बोआधी ७०० च्या वर फार वेळ राहू नये असं सर्वसाधारणपणे मानतात, कारण पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनला खालून ऑइल आणि आतून गार हवा मिळते म्हणून तो टिकतो, पण सीमा किती जवळ आहे ते कळलं.

आता हा घाटच का तापवतो ते सांगतो, कारण बरेच जण फक्त चढाला दोष देतात. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला, घाटमाथा सहाशे मीटरच्या आसपास. सव्वाचार टन तेवढं वर उचलायला लागणारी ताकद जेमतेम पाऊण लिटर डिझेलमध्ये असते. पण जळलेल्या डिझेलचा साधारण तिसरा हिस्साच चाकाला मिळतो. उरलेल्यातला मोठा भाग सायलेन्सरवाटे जातो आणि बाकीचा रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. त्यात उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो. आपण पूर्वेला चढत असतो, म्हणजे वारा पाठीवर. गाडीचा वेग ताशी तीसेक किलोमीटर आणि मागून वीसचा वारा, तर पुढच्या जाळीवर येणारी हवा सायकलच्या वेगाचीसुद्धा नाही. सगळा भार पंख्यावर. मिस्त्री हेच म्हणाले, "मालक, तुमची पाण्याची अडचण नाही, हवेची आहे."

मग रेडिएटर उतरवला. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती, कारण दर आठवड्याला पाणी मारत होतो. पण इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत घोंगडीसारखा थर बसला होता. उसाच्या पाचटाची कुसं, धूळ, किडे, आणि ऑइलच्या चिकट्याने सगळं एकजीव झालेलं. हाताने ओढला तर पत्रा निघावा तसा सलग निघाला. खालच्या एक तृतीयांश भागातून हवा जातच नव्हती. आतली तऱ्हा वेगळी. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं, नळ्यांच्या तोंडाशी पांढरा खर. क्षाराचा थर उष्णता अडवतो आणि नळी अरुंद करतो, दोन्हीकडून मार.

रेडिएटरचा जुना कोअर, म्हणजे नळ्या-जाळीचा गाभा, टाकून तांब्या-पितळेचा तीन ओळींचा बनवून घेतला, १४,००० रुपये. हा जाड असतो, त्यामुळे पंखा जाळीच्या फार जवळ आला. ब्रॅकेट पुढे सरकवून अंतर परत मिळवावं लागलं. कोअर बनवायला टाकण्याआधी मोजमाप घ्या.

पंख्याचा व्हिस्कस क्लच मेलेला होता. त्यात सिलिकॉनचं तेल असतं आणि पुढच्या गरम हवेने पत्र्याची स्प्रिंग वळली की ते पंख्याला इंजिनाशी जखडतं. गरम इंजिन बंद करून, चावी काढून पंखा हाताने फिरवून बघा. सहज दोन-तीन गिरक्या घेतल्या तर क्लच गेला. नवीन ७,२०० ला बसला. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडंही एका बाजूने फुटलेलं होतं. ते क्षुल्लक वाटतं, पण कडं फुटलं की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा फिरवत बसतो. पाती निम्मी कड्यात, निम्मी बाहेर अशी ठेवली.

पाण्यात आता अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचा एक थेंब नाही. झाकण कंपनीने सांगितलेल्याच दाबाचं. जास्त दाबाचं झाकण लावायचा सल्ला मिळाला होता. त्याने पाणी उशिरा उकळतं हे खरं, पण उष्णता कमी होत नाही, होज आणि हीटरचा कोअर मात्र ताणला जातो.

पुढची जाळीही मोकळी केली. चार जादा लाइट, हॉर्न आणि मधोमध जोतिबाच्या नावाचा पत्र्याचा बोर्ड होता. बोर्ड वडिलांनी पहिल्या गाडीसाठी रंगवून घेतलेला, त्या गाडीवरून या गाडीवर आलेला. काढताना जिवावर आलं. आता तो केबिनच्या वर आहे, लांबून आधी तोच दिसतो. जाळी मोकळी झाल्यावर त्याच चढावर पाणी चार अंशांनी खाली राहिलं, तेही फुकटात.

काही पैसे वाया गेले, तेही लिहायला हवं. एका गॅरेजने ताकद वाढवण्यासाठी १२,००० घेऊन ईसीएमचा (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) प्रोग्रॅम बदलून दिला. गाडी सपाटीला छान पळाली, पण पहिल्याच चढावर धूर ७६० ला गेला. जास्त डिझेल म्हणजे जास्त आग, आणि भार ओढताना ती मिनिटामिनिटाला साठत जाते. पंधरा दिवसांत मूळ प्रोग्रॅम परत टाकला. जाळीसमोर लावलेला इलेक्ट्रिक पंखाही काढला, कारण घाट संपून पाटणकडे वेग आला की त्याची मोटर आणि पातीच हवा अडवायची. बॉनेट मागून वॉशर टाकून उचललं होतं. गरम हवा वरून निघायची हे खरं, पण कोकणातला पाऊस सरळ वायरिंगवर आला.

आणि थर्मोस्टॅट. हेड जायच्या आधीच्या हिवाळ्यात एकाने तो काढून टाकला होता, "गाडी गारच राहील" म्हणून. आपल्याकडे हा सल्ला सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम करून योग्य तापमानाला ठेवतो. घाटात तो पूर्ण उघडलेलाच असतो, म्हणजे काढून तिथे काही मिळत नाही. सपाटीला मात्र इंजिन थंडच धावतं, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. तो काढलेला असतानाच माझं हेड गेलं. आता नवीन आहे आणि सपाटीला पाणी ८४ ते ८८ च्या पट्ट्यात राहतं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो माझ्या पायात आणि गिअरमध्ये. पूर्वी इंजिनाचा आवाज वाढला की मला ते जोर करतंय असं वाटायचं, म्हणून तिसऱ्यात १,७०० च्या आसपास पाय दाबून चढायचो. आता चढ लागायच्या आधीच दुसरा टाकतो आणि २,५०० वर चढतो. वेग जवळजवळ तोच, पण पाण्याचा पंप आणि पंखा दीडपट फिरतात, टर्बो हवा देतो आणि प्रत्येक फेऱ्याला डिझेल कमी लागतं. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा पोरगा मीटरवर बोट ठेवून म्हणाला, "दादा, उतरला की!" धूर ६९० वरून ६२० वर आला होता, दोन वळणांत.

पाणी १०२ झालं की पाय हलका करायचा, १०५ ला हीटर पूर्ण चालू करून काचा खाली. हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात अंगाची लाही होते, पण चार-पाच अंश मिळतात. माथ्यावर गाडी लगेच बंद करत नाही. धूर ३०० च्या खाली येईपर्यंत, साधारण दोन मिनिटं, आयडलला ठेवतो, म्हणजे टर्बोतलं ऑइल जळत नाही.

तोटे आहेत. पंख्याचा क्लच धरला की पंखा एवढा गरजतो की केबिनमध्ये फोनवर बोलता येत नाही. अॅव्हरेज भारासह ८.२ वरून ७.९ वर आलं.

ट्रॉली ओढायचा विचार करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी बघाव्यात. ट्रॉलीची आरटीओ नोंदणी आणि स्वतःचे ब्रेक हवेतच, उतारावर दोन टन मागून ढकलतात तेव्हा पिकअपचे ब्रेक एकटे पुरत नाहीत. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल चालत नाही, म्हणून वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवणं वगैरे मनात आणू नका.

अकरा महिन्यांत ४१ वेळा हा घाट भरलेल्या ट्रॉलीसह चढलो. परवा, २८ मे, गुहागरचंच काम, दुपारी पावणेदोन, वारा पाठीवर. गेल्या वर्षी जिथे वाफ निघाली त्या वळणावर पाणी ९८, धूर ६१०. पोराने वहीत लिहून घेतलं. वरच्या होजच्या अडॅप्टरपाशी मात्र हिरवट ओल दिसतेय, क्लिप सैल झालीय बहुतेक. पाऊस लागायच्या आत ती बदलून गणपतीच्या कामांना मोकळा व्हायचंय.